अनुभव धागा : स्प्रे मशीननं रंगकाम करताना

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात वारज्यात राहतो. इमारतींच्या रंगकामावर देखरेख करणं हा माझा व्यवसाय. पूर्वी एअरलेस स्प्रे मशीन, म्हणजे हवेऐवजी पंपाच्या दाबानं रंग फवारणारं मशीन, फक्त मोठ्या ठेकेदारांकडे दिसायचं. आता ते दिवसाच्या भाड्यानं मिळतं. दिवाळीच्या आधी सिंहगड रस्त्यापासून खराडीपर्यंत कुठल्याही नव्या इमारतीत गेलात, तर त्याचा आवाज ऐकू येतो. मशीन चालवायला पाच मिनिटांत शिकवतात. ते बंद कसं करायचं, हे मात्र बहुतेक ठिकाणी कुणी सांगतच नाही. हा धागा त्यासाठी आहे.

आधी आकडे सांगतो. गाडीच्या टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय (दाब मोजायचं एकक) हवा असते. कॉम्प्रेसरवरच्या साध्या गनला ३० ते ६० लागते. एअरलेस मशीन इमल्शन मारताना २००० पीएसआयच्या आसपास चालतं आणि ३००० पर्यंत जाऊ शकतं. माणसाची कातडी भेदायला १०० पीएसआय पुरतात. आणि स्विच बंद केला तरी पाईपमधलं प्रेशर जात नाही, ते तसंच अडकून राहतं.

ज्यांनी हे काम केलंय, जवळून पाहिलंय किंवा घरात सोसलंय, त्यांनी सविस्तर लिहावं. दुकानाचं, दवाखान्याचं, ठेकेदाराचं नाव घेऊ नका. काय झालं आणि काय करायला हवं, एवढं पुरे.

हडपसरहून, एका रंगाऱ्याची बहीण

आमचा दादा लहानपणापासून रंगकामात आहे. भाड्यानं आणलेल्या मशीनच्या टिपवरचं, म्हणजे गनच्या बारीक तोंडावरचं, बोट लांब ठेवणारं गार्डच नव्हतं. कोपऱ्यात गन नीट जात नाही म्हणून आधीच्या कुणीतरी ते काढून ठेवलं होतं, आणि दुकानातून मशीन तसंच दिलं गेलं. ऑइल पेंट मारताना टिप चोक झाली. दादानं मशीन बंद केलं आणि डाव्या हाताच्या तर्जनीनं टिपचं तोंड पुसलं. तेवढ्यात उजव्या हाताचा ट्रिगर दाबला गेला.

रक्त आलंच नाही. बोटाच्या पेरावर सुई टोचल्यासारखा एक ठिपका. दुखतही नव्हतं, बोट थोडं बधीर झालं होतं एवढंच. त्यानं थिनरनं हात धुतला आणि संध्याकाळपर्यंत काम केलं. घरी आल्यावर आईनं हळद लावली. जवळच्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन आणि दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या. आत रंग गेला असेल, असं तिथे कुणाच्या मनातही आलं नाही, कारण बाहेर दाखवण्यासारखं काही नव्हतंच.

रात्री बोट टरारून सुजलं. दादासारखा माणूस रडत होता, त्यावरून वेदना केवढी असेल ते समजा. सकाळी बोटाचं टोक पांढरंनिळं पडलेलं. मोठ्या रुग्णालयात नेल्यावर त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं की रंग स्नायूबंधाच्या आवरणातून थेट तळहातापर्यंत पोचला होता. पुढे आणखी शस्त्रक्रिया झाल्या, तरी बोटाची दोन पेरं गेली.

आज तो पुन्हा कामावर जातो. शर्टाची बटणं लावायला त्याला वेळ लागतो, थंडीत हात ठणकतो. मला एवढंच सांगायचंय की हे लहान दिसतं. लहान दिसतं म्हणूनच माणसं घरी थांबतात.

पुण्यातच, हाताच्या शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर

हडपसरच्या ताई, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. अशा जखमांमध्ये अगदी हेच घडतं. न वापरत्या हाताची तर्जनी हीच सर्वांत जास्त वेळा सापडते, कारण पुसायला आणि तपासायला तोच हात पुढे येतो.

भोक बारीक असतं, पण आत गेलेला रंग स्नायूबंधांच्या आवरणातून वाट काढत लांबवर जातो. बोटात जागा अशी नसतेच, त्यामुळे आतला दाब वाढून रक्तपुरवठा अडतो. शिवाय थिनर आणि टर्पेंटाइन पेशी जाळतात. पाण्यातला रंग त्यामानानं कमी विषारी, पण तोही निरुपद्रवी नाही. जगभरच्या प्रकाशित नोंदी एकत्र पाहिल्या तर अशा जखमांपैकी सुमारे ३० टक्क्यांत काही ना काही भाग कापावा लागला आहे. पहिल्या सहा तासांत उघडून साफ केलं तर बोट वाचण्याची शक्यता चांगली वाढते. म्हणून दुखण्याची वाट पाहायची नाही.

काम तिथेच थांबवा. अंगठी असेल तर काढा, हात हृदयाच्या वर धरा. बोट दाबून रंग पिळून काढू नका, चोखू नका, बर्फ किंवा गरम शेक नको. काही खाऊ-पिऊ नका, भूल द्यावी लागू शकते. हाताचे किंवा प्लास्टिक सर्जन असतील अशा मोठ्या रुग्णालयात थेट जा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. अपघात विभागात 'हाताला लागलं' असं म्हणू नका. 'हाय प्रेशर इंजेक्शनची जखम आहे, आत रंग गेलाय' असं स्पष्ट म्हणा. रंगाचा आणि थिनरचा डबा किंवा त्यांच्या लेबलचा फोटो सोबत असू द्या. काही मशीनसोबत डॉक्टरांना दाखवायचं एक छोटं कार्ड येतं. ते खोक्यात ठेवून उपयोग नाही, खिशात हवं.

डॉक्टर मित्रमैत्रिणींसाठी एक ओळ: बोटाच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन देऊ नका, त्यानं आतला दाब आणखी वाढतो.

आणि हो, हातमोज्यानं ही धार अडत नाही. मोजे घाला, पण ते रंगापासून कातडी वाचवायला.

धायरीहून, पेंटिंगचा ठेकेदार

माझ्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी रंग मिळत नाही. बादलीत पाणी, मागे जुना पुठ्ठा, आणि मशीन फक्त चालू-बंद करायचं. संध्याकाळपर्यंत हात आपोआप लॉककडे गेला पाहिजे.

आमची पद्धत अशी. हातातलं काम थांबलं, मग ते चहासाठी असो की फोनसाठी, की गनचं लॉक लावायचं. टिपला हात लावायचा असेल तर मशीन बंद करून प्लग काढायचा, प्रेशरची चावी सगळ्यात कमीवर आणायची, प्राईम व्हॉल्व्ह (रंग गनकडे जाणार की बादलीत परत, ते ठरवणारा खटका) ड्रेनवर, म्हणजे बादलीकडे, फिरवायचा. त्यानंतर लॉक काढून गन बादलीत रिकामी होईपर्यंत ट्रिगर दाबायचा आणि पुन्हा लॉक. एवढं झाल्यावरच टिप खोलायची. मिनिटभराचं काम आहे, आणि माझ्या साईटवर यात सूट नाही.

टिप चोक झाली तर बोट, काडी, पिन काही नको. टिपची मूठ उलटी फिरवायची, पुठ्ठ्यावर एकदा ट्रिगर मारायचा, कचरा उडून जातो, मूठ परत सरळ करायची. तरीही निघाला नाही तर प्रेशर अजून आत आहे असंच धरून चालायचं आणि गार्डचा नट अगदी सावकाश सैल करायचा, म्हणजे दाब हळूहळू निघतो. टिप चोक होऊ नये म्हणून रंग गाळून घ्या. जुन्या साडीच्या कापडाचे धागे सुटतात, त्यापेक्षा नायलॉनची बारीक जाळी बरी. निम्मी चोकअप तिथेच संपतात.

टिपवरचे आकडेही वाचायला शिका. ५१७ असेल तर पहिला पाच दुप्पट करायचा. एक फुटावरून दहा इंचांचा पट्टा पडतो. सतरा म्हणजे भोक इंचाच्या सतरा हजारांश. टिप झिजली की पट्टा अरुंद होतो, कडा जाड पडतात, आणि पोरं काय करतात तर प्रेशर वाढवतात. टिप बदला. पट्टा नीट पडेल तेवढंच प्रेशर ठेवायचं, त्याहून जास्त ठेवलं तर रंग फक्त हवेत उडतो.

पाईपवर विटांची ट्रॉली गेली, कुणी पाय दिला, कुठे मुडपला, की त्या जागी तो कमजोर होतो. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. गळणाऱ्या पाईपला चिकटपट्टी किंवा चिंधी बांधणं हे तर सरळ आमंत्रण आहे. पाईप बदला.

शिडीवर असाल तर ट्रिगर दाबताच गन मागे झटका देते, हे आधी माहीत हवं. मी शिडीवरून स्प्रे करूच देत नाही. परांची बांधायची, उंचीवर झुला आणि अंगाला सुरक्षा पट्टा.

भोसरीहून, गाड्यांच्या बॉडीला रंग मारणारा

आमच्याकडे प्रेशर कमी, कॉम्प्रेसरचं काम. त्रास वेगळा आहे. टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून मारायच्या रंगात जो हार्डनर घालतात त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. ते छातीत बसलं की दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीरानं ते धरलं की मग थोड्याशा वासानंही धाप लागते. माझ्या उस्तादांना लागली. शेवटी त्यांना गॅरेज सोडावं लागलं.

रुमाल बांधून काही होत नाही. एन ९५ मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. साध्या थिनरच्या कामाला ऑरगॅनिक व्हेपरची (थिनरसारखी वाफ शोषणारी) काडतुसं असलेला अर्धा मुखवटा चालतो, ती काडतुसं वेळेवर बदलायची आणि दाढी असेल तर मुखवटा नीट बसत नाही. टू-केला मात्र बाहेरून स्वच्छ हवा देणारा मुखवटाच हवा. महाग आहे. पण मालकानं गाडीच्या बिलात ते धरायला पाहिजे, हे मी ठामपणे म्हणतो.

दुसरं, गन धुतानाही मुखवटा राहू द्या. आणि सुट्टीच्या वेळी हवेच्या पाईपनं कपड्यांवरची धूळ उडवणं बंद करा. ती हवा कानात, डोळ्यात, कातडीच्या चिरेतून आत जाऊ शकते.

भवानी पेठेतून, फर्निचर पॉलिशवाला

मी आगीबद्दल लिहितो. लॅकरच्या थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरकत दुसऱ्या खोलीत जाते. वास्तुशांतीची तारीख जवळ आलेली असते, एका खोलीत आमचं पॉलिश चालू आणि देवघरात कुणीतरी समई लावून ठेवलेली. मी काम सुरू करण्याआधी मालकांना हात जोडून सांगतो की समई, उदबत्ती, गॅस, हॅलोजन, काहीही नको. वीजेची बटणंही त्या वेळी चालू-बंद करायची नाहीत. खिडक्या उघड्या ठेवायच्या.

एअरलेसमध्ये थिनर फिरवून मशीन धुताना प्लास्टिकची बादली घेऊ नका. आपल्याकडे रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादल्या हाताशी असतात, त्याच सगळे वापरतात. वेगानं उडणाऱ्या थिनरमुळे स्थिर वीज साठते आणि ठिणगी पडू शकते. पत्र्याची बादली, तिला अर्थिंग, आणि गनचं धातूचं अंग बादलीच्या काठाला टेकवून मगच ट्रिगर. पंप वाफेपासून लांब, वीसेक फुटांवर.

साईटवर प्लगऐवजी उघड्या वायरी सॉकेटमध्ये खोचून काडीनं दाबलेल्या मी रोज बघतो. अशानं मशीनला अर्थिंगच मिळत नाही. तीन पिनांचा प्लग लावल्याशिवाय मशीन चालू करू देऊ नका.

पिंपरीहून, डिझेल पंप दुरुस्ती

आमच्याकडे इंजेक्टर तपासताना हीच धार असते, फक्त डिझेलची. वैद्यकीय नियतकालिकात अशा जखमेची नोंद १९३७ सालापासून आहे, तीही डिझेलचीच. फवाऱ्यासमोर हात धरून 'जोर किती आहे' बघणारी पोरं अजून भेटतात. गाड्या धुण्याचं प्रेशर मशीनही त्याच जातीतलं. पायावर मारून चिखल काढू नका.

कोथरूडहून, सोसायटीची सचिव

आमच्या इमारतीला बाहेरून रंग देताना मी ठेकेदाराकडून दर मागवले, पण त्यासोबत काही अटीही लेखी घातल्या. मशीनवर टिप गार्ड असणार, माणसांना मास्क आणि चष्मे असणार, झुल्यावरच्या प्रत्येकाला पट्टा असणार, कामगारांचा विमा असणार. दोन ठेकेदार पुढे आलेच नाहीत. तिसऱ्यानं दर थोडा जास्त लावला आणि सगळं पाळलं. सभेत लोकांना तो फरक पटवून द्यावा लागला, दिला.

दुपारी वारा सुटला की रंगाचे बारीक कण लांबवर जातात. सकाळी लवकर काम, गाड्या आधीच हलवायच्या किंवा झाकायच्या, खिडक्या बंद, मुलांना खाली खेळायला पाठवायचं नाही. कामाच्या जागी दोरी बांधून घ्या. जुन्या इमारतीत आणखी एक काळजी: घरगुती रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, त्याआधीचा रंग घासताना धूळ उडू देऊ नका, भिंत ओली करून घासा.

वारज्याहून, धागा सुरू करणारा

कोथरूडच्या ताई, तुमच्या अटी मी आमच्या निविदेत घेतोय. धायरीच्या दादांना एक विचारायचं होतं, स्वतःच्या फ्लॅटसाठी भाड्यानं मशीन आणायचं म्हणणाऱ्यांना काय सांगाल?

धायरीहून, पेंटिंगचा ठेकेदार

दादा, दोन-तीन खोल्यांसाठी रोलर घ्या. मास्किंग, रंग गाळणं, मशीन धुणं धरलं तर वेळही फारसा वाचत नाही. आणायचंच असेल तर दुकानातच मशीन चालू करून दाखवायला सांगा. गार्ड आहे का, गनचं लॉक लागतं का, पाईपला कुठे फुगवटा किंवा चीर आहे का, प्राईम व्हॉल्व्ह फिरतो का, हे बघा. यातल्या एकाही गोष्टीत खोट निघाली तर ते मशीन तिथेच ठेवा. काम संपल्यावर परत करायच्या आधी प्राईम व्हॉल्व्ह ड्रेनवर उघडा ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाच्या हाती भरलेला पाईप जाणार नाही.