मदत हवी आहे: स्वतःचा अनुभव प्रबंधात चालतो का? अर्जंट

फडावरचा
प्रबंधाचा सिनॉप्सिस (आराखडा) अडकलाय. मी जे जगलो तेच लिहिलंय, तर गाइड म्हणायलेत, "हे आत्मचरित्र झालं. प्रश्नावली भरून आण." नियमात बसतं का नाही, एवढंच सांगा.

गोदाकाठ
विषय कोणता? समाजशास्त्र का मराठी? आरआरसी (विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीची बैठक) झाली का? काय जगलात तेही लिहिलं नाही!

फडावरचा
समाजशास्त्र. ऊसतोड. बारावीपर्यंत दर हंगामाला आई-बापासंगं फडावर कोपीत (पाचटाच्या झोपडीत) राहिलो. आरआरसी पुढच्या आठवड्यात.

निवृत्त_प्राध्यापक
गाइड बरोबर आहेत. एका माणसाच्या आठवणींना नमुना म्हणत नाहीत. आम्ही गावोगाव हिंडून प्रश्नावल्या भरल्या. आकडे लागतात.

बालाघाटची_लेक
सर, आकडे आहेत की! 2019 च्या सरकारी समितीनं बीडमधल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली, 13,861 जणींची गर्भाची पिशवी काढलेली निघाली. पण मासिक पाळीमुळं कामात खाडा झाला की दंड कापतात, मग पिशवी काढायचं ठरवताना डॉक्टर काय म्हणतो, सासू काय म्हणते, हे प्रश्नावलीत कसं येणार? मजुरांची टोळी नेणारा मुकादम शेजारी उभा असताना उचलीबद्दल, म्हणजे त्याच्याकडून आगाऊ घेतलेल्या पैशाबद्दल, कोण खरं बोलतं?

निवृत्त_प्राध्यापक
म्हणून काय मनात येईल ते लिहायचं?

गोदाकाठ
तसं नाही सर. स्वतःच्या जगण्यातून आपल्याच समाजाचा अभ्यास करायचा, याला ऑटोएथ्नोग्राफी म्हणतात. समाजशास्त्रज्ञ लिऑन अँडरसननं 2006 मध्ये तिच्या विश्लेषणात्मक प्रकाराच्या अटी मांडल्यात. संशोधक त्या गटातलाच हवा आणि लिखाणात दिसायला हवा. पण स्वतःपलीकडच्या लोकांशीही बोलावं लागतं, अन् शेवटी सिद्धांताशी सांधा जुळवावा लागतो. भाऊ, तुमचं बहुतेक इथंच अडतंय. नुसतं "आम्ही सोसलं" लिहून भागत नाही. गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्काई यांचं अनुभव आणि सिद्धांतावरचं 2012 चं पुस्तक वाचा.

टायपिंगवाला_नांदेड
काहीही लिहा, पण युनिकोडमध्ये. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टातली फाइल साहित्यचोरी तपासायच्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही.

फडावरचा
ते नंतर बघू. बाकीच्यांशी बोलायचं म्हणजे किती जण? तिसरं प्रकरण आईच्या पिशवीच्या ऑपरेशनवर आहे, ते चालेल ना?

बालाघाटची_लेक
थांबा. आईला विचारलं का?

फडावरचा
तिला काय कळतंय प्रबंधातलं? नाव बदलीन.

बालाघाटची_लेक
मुखपृष्ठावर तुमचं नाव अन् आत "माझी आई". मग बदलून कुणाला फसवणार? ती अजून फडावर जाते का?

फडावरचा
जाते. दसऱ्यानंतर गेली.

बालाघाटची_लेक
मग मुकादमही तोच असेल. तुम्ही डिग्री घेऊन मोकळे, उचल तिला फेडायची. आधी तिला वाचून दाखवा, ती नको म्हणेल तेवढं काढा.

निवृत्त_प्राध्यापक
हे मात्र पटलं. संमती लेखी घ्या. अंगठा चालतो.

उस्मानाबादी_शेळी
ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठीच्या साखरशाळा चालू आहेत का हो अजून? आमच्याकडं पोरं संगंच जायलेत.

फडावरचा
त्याचा वेगळा धागा काढा. आईला रात्री फोन लावतो. ते अँडरसनच्या अटींचं मराठीत कुठं मिळेल? गाइडला इंग्रजी पीडीएफ पाठवली तर उघडत नाहीत.

गोदाकाठ
मिळणं अवघडच. तुम्हीच पानभर उतरवा, अन् प्रत्येक अटीपुढं तुमचं कोणतं प्रकरण बसतं ते लिहा. आरआरसीतही तेच विचारतील.