धातूतल्या ‘टेक्स्चर’ला ‘पोत’ म्हणावे का?

धातुशास्त्रावरच्या एका प्रकरणाचा अनुवाद करते आहे आणि ‘टेक्स्चर’पाशी अडले आहे. धातू लाटला, ओढला किंवा ठोकला की आतल्या स्फटिकांच्या दिशा बदलतात आणि पुष्कळ स्फटिकांच्या दिशा एकमेकांशी जुळू लागतात. या जुळण्याला टेक्स्चर म्हणतात. शब्दकोशात पहिलाच अर्थ ‘पोत’ असा आहे. ‘लाटलेल्या पत्र्याचा पोत’ असे लिहिले तर चालेल का? आणि ‘ओरिएंटेशन’ला ‘दिशा’ पुरेल की ‘अभिमुखता’ हवे?

* * *

‘पोत’ कृपया नको. पोत हाताला कळतो. कापडावर बोट फिरवले की समजतो. धातूतली ही गोष्ट बोटाला कळत नाही, डोळ्यांनाही दिसत नाही. दोन पत्रे सारखेच गुळगुळीत असतील, पण एकात स्फटिक वाटेल तसे विखुरलेले आणि दुसऱ्यात बरेचसे एकीकडे वळलेले असू शकतात. ‘पत्र्याचा पोत’ वाचणाऱ्याला पृष्ठभागावरच्या रेघाच आठवतील.

फरक ओळखायला क्ष-किरण लागतात, नाहीतर पत्र्याला कामाला लावावे लागते. पत्र्याची अगदी गोल चकती कापा आणि साच्यात दाबून तिचा पेला ओढा. काठ एका पातळीत यायला हवा, पण बऱ्याचदा चार ठिकाणी उंचवटे येतात आणि त्यांच्यामध्ये खोलगट भाग राहतात. चकती गोल होती, साचाही गोल होता. पत्रा मात्र सगळ्या दिशांना सारखा ताणला गेला नाही, कारण लाटतानाच त्यातले स्फटिक वळलेले होते. उंचवट्यांइतका धातू कापून टाकावा लागतो. इंग्रजीत त्यांना कान म्हणतात. तुम्ही तसे लिहू नका. मराठीत कपाचा कान म्हणजे कप धरायची जागा.

* * *

वरच्या मुद्द्याशी सहमत. पण मूळ प्रश्नातल्या ‘बदलतात’ या क्रियापदाबद्दलही बोलायला हवे. दिशा ‘बदलते’ म्हटले की ती कशीही बदलू शकते असे वाटते. प्रत्यक्षात ती ठरावीक बाजूला वळते, म्हणून ‘वळतात’ लिहावे.

का वळते ते पत्त्यांच्या कॅटवरून कळेल. कॅट तिरपा धरा आणि पत्ते एकमेकांवरून सरकवा. नुसत्या सरकण्याने पत्त्यांचा तिरपेपणा बदलत नाही. थर फक्त पुढेमागे होतात आणि कॅटची दोन टोके एका रेषेतून बाजूला जातात. आता टोके ओढीच्या रेषेतच राहिली पाहिजेत अशी अट घाला. मग अख्खा कॅट हळूहळू फिरतो आणि पत्ते ओढीच्या रेषेकडे झुकतात. धातूचा एकच स्फटिक ताणला तरी हेच होते. अणूंची प्रतले एकमेकांवरून घसरतात, टोके पकडीत असतात, म्हणून घसरण्याची दिशा ओढीकडे वळत जाते. ॲल्युमिनियमच्या एकेका स्फटिकावर जेफ्री टेलर आणि कॉन्स्टन्स एलाम यांनी हे वळणे मोजले. त्यांचा निबंध १९२३ सालचा आहे. तेव्हा ‘घसरणे’ आणि ‘वळणे’ हे दोन शब्द अनुवादात वेगळे ठेवा. एक कारण आहे, दुसरा परिणाम.

पत्र्यात असंख्य स्फटिक एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे शेजाऱ्यांना सांभाळून वळावे लागते. ॲल्युमिनियममध्ये चार प्रकारची प्रतले आणि प्रत्येकावर तीन दिशा, म्हणजे घसरायला बारा वाटा असतात. एकेका स्फटिकात एकाच वेळी अनेक वाटा कामाला येतात.

* * *

खूप मदत झाली. एक शंका. लाटल्यावर स्फटिककण लांबट होतात, चित्रात तसे दिसतात. टेक्स्चर म्हणजे तेच ना?

* * *

नाही, आणि ही गल्लत फार होते. लांबट होणे हा कणाचा आकार झाला. अभिमुखता म्हणजे कणाच्या आत अणूंच्या रांगा कुठे रोखलेल्या आहेत ते. पत्र्याचे अनुशीतन केले, म्हणजे तो तापवून निववला, की लांबट कणांच्या जागी नवे, गोलसर कण येतात, पण अभिमुखतेची जुळणी बऱ्याचदा उरते, कधी नव्या प्रकारची होते. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचे सिलिकॉन पोलाद यावरच उभे आहे. लाटण आणि तापवणे यांचा क्रम साधून लोखंडाच्या स्फटिकाची सहज चुंबकित होणारी दिशा पत्र्याच्या लांबीशी जुळवतात. नॉर्मन गॉस यांना या पद्धतीचे अमेरिकेतले पेटंट १९३४ मध्ये मिळाले.

आता शब्द. एका कणासाठी ‘अभिमुखता’ ठेवा. ‘दिशा’ म्हटले की घसरण्याची, ओढण्याची आणि लाटण्याची दिशा यांत घोटाळा होईल. सगळ्या कणांच्या जुळणीसाठी मी ‘कल’ सुचवेन. मतमोजणीत कल असतो तो एकूण मतांचा. तसा हा एकूण कणांचा. सगळे कण एकीकडे नसतात, बरेचसे असतात, आणि ‘कल’मध्ये ही छटा आपोआप येते. ‘रोख’ही जवळचा आहे, पण तो पैशाकडे नेतो.

* * *

मग वाक्य असे करते: ‘लाटताना कणांची अभिमुखता वळते आणि पत्र्यात स्फटिकांचा कल तयार होतो.’

* * *

छान. फक्त ‘स्फटिकांचा अभिमुखता-कल’ असे पहिल्यांदा एकदा पूर्ण लिहा, पुढे नुसता ‘कल’. आणि ‘तयार होतो’ऐवजी ‘पडतो’ कसे वाटते? लाकडाला बाक पडतो, कागदाला घडी पडते, तसा लाटल्याने पत्र्याला कल पडतो.

* * *

‘पडतो’ घेतले.