टेम्प्लर नाइट्सचा खजिना गोव्यात?

म्हापसेकर: जुन्या गोव्यात व्हाइसरॉय आर्चपाशी एक जण सांगत होता की टेम्प्लरांचा, म्हणजे क्रुसेडच्या धर्मयुद्धांतल्या त्या ख्रिस्ती लढवय्या साधूंच्या संघटनेचा, खजिना पोर्तुगीज जहाजांतून इकडे आला, म्हणून शिडांवर लाल क्रॉस. खरं का हो?

फोंडेकर: क्रॉसचं खरंय, खजिन्याचं नाही. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप त्यांच्या कर्जात बुडालेला, 1307 ला त्यानं फ्रान्समधल्या टेम्प्लरांना पकडलं, 1312 ला पोपनं संघटनाच मोडली, पण पोर्तुगालात राजा दिनिशनं 1319 ला त्यांच्या मालमत्तेवर ऑर्डर ऑफ क्राइस्ट ही तशीच नवी संघटना काढली, तो क्रॉस तिचा.

डिचोलीची वाचक: गोवा जिंकणारा पोर्तुगीज आल्बुकर्क इथं आला 1510 ला. दोनशे वर्षं सोनं कोण दडवून ठेवणार?

म्हापसेकर: आणि जाक द मोलेनं मरताना पोपला नि राजाला शाप दिला म्हणतात, तो?

फोंडेकर: टेम्प्लरांचा प्रमुख तो, 1314 ला जाळला. त्याच वर्षी पोप आणि राजा दोघंही गेले, लोकांना तेवढं पुरलं!