कॅनडातल्या शेतकरी आजोबांबद्दल लेकीला दोन शब्द बोलायचेत, मदत हवीय

रामबागची_आई

नमस्कार मंडळी, मी इंदूरची. माझी लेक चार वर्षं झाली कॅनडात सस्कॅचवानमधल्या एका लहानशा गावात नर्स आहे. ती ज्यांच्या घरी भाड्याने राहायची ते शेतकरी आजोबा मागच्या आठवड्यात गेले, नव्वदीचे होते. येत्या शनिवारी गावच्या हॉलमध्ये सगळे जमणार आहेत आणि त्यांच्या मुलांनी हिलाही बोलायला सांगितलंय. ती नुसती रडतेय, म्हणते आई तू मराठीत लिहून दे, मी त्याचं इंग्लिश करते.

मी त्यांना भेटलेय, गेल्या वर्षी ऑगस्टात दीड महिना तिकडे होते. मूळचे हॉलंडचे, १९५२ मध्ये १७ वर्षांचे असताना आईवडील आणि सहा भावंडांबरोबर बोटीने आलेले. एके दिवशी मला शेतावरच्या त्या मोठ्या पत्र्याच्या कोठाराशी घेऊन गेले, ओंजळभर मसूर माझ्या हातात दिला आणि म्हणाले हा तुमच्या देशात जातो. मी त्याचीच आमटी केली, गोडा मसाला घालून, तर दोनदा वाढून घेतली आणि शेवटी ब्रेडच्या तुकड्याने ताटली अशी पुसली की धुवायला काही उरलंच नाही. स्वतःबद्दल मात्र फार बोलायचे नाहीत.

मला विचारायचंय ते हे की हॉलंडमधून माणसं त्या गारठ्यात, त्या मोकळ्या माळावर का गेली असतील, आणि तिथल्या शेतकऱ्याचं आयुष्य नेमकं कसं असतं? नुसतं "फार प्रेमळ होते" असं लिहायचं नाहीये मला.

सयाजीगंजकर

ताई, वाचून वाईट वाटलं. मी बडोद्याचा, पण ११ वर्षं सस्कॅचवानमधल्याच सॅस्काटून शहरात काढली आहेत म्हणून लिहितो.

ताटली पुसायचं म्हणालात ना, ते नक्की लिहा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली होती, लोकांनी ट्यूलिपचे कंद आणि साखरेचं बीट उकडून खाल्लं, सुमारे २०,००० माणसं भुकेने गेली. आजोबा तेव्हा नऊ-दहा वर्षांचे असणार. ते त्या भागातले होते का हे मुलांना विचारून घ्या, पण त्या पिढीच्या बहुतेकांची अन्न टाकायची हिंमत होत नाही हे मी स्वतः पाहिलंय. त्यात १९४५ मध्ये देश सोडवायला आलेल्या फौजेत कॅनडाचे सैनिक खूप होते, त्यामुळे कॅनडा हे नाव घराघरात प्रेमाने घेतलं जायचं.

युद्धानंतर हॉलंडमध्ये जमीन कमी आणि शेतकऱ्यांची मुलं जास्त, सरकारच म्हणायचं बाहेर जा. फक्त पैसा फारसा बाहेर नेता यायचा नाही, म्हणून लोक मोठ्या लाकडी खोक्यांत कपाटं, पलंग, सायकली सगळं भरून न्यायचे. बरेच जण कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर हॅलिफॅक्स बंदरात, पिअर २१ नावाच्या धक्क्यावर उतरायचे, तिथून दिवसच्या दिवस ट्रेन, आणि मग ज्याने बोलावून घेतलं त्या शेतकऱ्याकडे पहिलं वर्षभर सबंध कुटुंबाने राबायचं. म्हणजे १७ वर्षांच्या पोराने आधी दुसऱ्याच्या गाई पिळल्या असणार, स्वतःची जमीन नंतर.

आणि जमीन म्हणजे काय तर तिथे सगळं मैलाच्या चौकोनात आखलेलं, एक चौकोन ६४० एकर, त्याचा पाव म्हणजे १६०. शेजारी मैलभर लांब, थंडी उणे ४० पर्यंत जाते, वारा अडवायला घराभोवती झाडांची रांग लावावी लागते. अशा ठिकाणी माणूस शेजाऱ्याशिवाय जगूच शकत नाही. कोणी आजारी पडला की कापणीला आजूबाजूचे आपापली कंबाइन, म्हणजे कापणी-मळणीची मशीन, घेऊन येतात आणि दिवसभरात त्याचं सगळं पीक काढून देतात, बायका शेतातच जेवण आणतात. आजोबा अशा किती कापण्यांना गेले ते गावात विचारा, लोकांना बरोबर आठवत असतं.

छावणी_मंडी

ताई मी इंदूरचाच, आमचं दालीचं काम आहे, मसुराबद्दल मी सांगतो. आमच्याकडे कॅनडाचा मसूर कंटेनरने येतो, मिलमध्ये सोलून डाळ होते आणि मग तुमच्या-आमच्या घरात. तो बहुतेक सगळा सस्कॅचवानचाच.

पण तिकडे आधी हे पीक नव्हतं, गहूच गहू, आणि ओल टिकावी म्हणून दर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जमीन पडीक ठेवायचे. १९७० नंतर मसूर आला, तिथल्या विद्यापीठातल्या अल स्लिंकार्ड यांनी १९७८ मध्ये लेअर्ड नावाचं मोठ्या हिरव्या दाण्याचं वाण दिलं, मग लाल मसूरही वाढला. मसूर जमिनीत नत्र सोडतो, पडीक ठेवायच्या जागी पीक मिळायला लागलं. पण झाड इतकं बुटकं की पेरल्यावर शेतावर जड रोलर फिरवून दगड दाबावे लागतात, नाहीतर कापताना मशीन मोडते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने गहू सोडून जे कधी खाल्लं नाही ते पेरायचं म्हणजे गंमत नाही हो. आपल्या माळव्यात सोयाबीन आलं तेव्हा माझे आजोबा वर्षभर बांधावर उभं राहून दुसऱ्याचं शेत बघत होते, मग पेरलं.

लष्कर_ग्वाल्हेर

दोन गोष्टी राहिल्यात असं मला वाटतं. एक म्हणजे माळ मोकळा नव्हता, तिथे क्री आणि इतर मूळ लोकांची वस्ती होती, सरकारने त्यांच्याशी केलेल्या १८७४ च्या करार ४ आणि १८७६ च्या करार ६ यांच्यानंतर त्यांना लहान राखीव तुकड्यांत बसवलं आणि मग सरकारने बाहेरून येणाऱ्यांना १६० एकर १० डॉलर फी घेऊन वाटले. आजोबा फार नंतर आले, त्यांचा यात दोष नाही, पण आता तिकडे अशा कार्यक्रमाची सुरुवात बरेचदा हे सांगूनच होते, लेकीला माहीत असेलच.

दुसरं, आजींबद्दल कोणीच विचारलं नाही. १७ व्या वर्षी आलेला माणूस ७० वर्षं तिथे टिकला तर कोंबड्या, बाग, हिशेबाची वही, सहा महिने बर्फात अडकलेली मुलं हे कोण बघत होतं?

रामबागची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्रीच लेकीशी बोलले. आजी २०१६ मध्ये गेल्या. हिशेबाच्या वह्या त्यांच्याच हातच्या, डच भाषेत, अजून स्वयंपाकघराच्या खणात आहेत, त्यांची मुलगी त्यातलं एक पान वाचणार आहे. आणि हो, आजोबा रॉटरडॅमजवळचे, म्हणजे त्या पश्चिम हॉलंडातलेच. त्यांच्या थोरल्या मुलाने सांगितलं की भुकेचं ते कधी बोलले नाहीत, पण कापणी झाल्यावर कोठाराखाली सांडलेला दाणा दरवर्षी स्वतः झाडूने गोळा करायचे, ८८ व्या वर्षीसुद्धा. हॉल गरम ठेवायची भट्टी बिघडली की पहाटे पाचला तेच जायचे, त्यामुळे किल्ली कायम त्यांच्याच खिशात.

मी सुरुवात ओंजळीतल्या मसुरापासून करतेय, शेवटी किल्ली. मधलं लेक सांगेल तिच्या शब्दांत.

हॉलमध्ये प्रत्येकाने घरून एक पदार्थ न्यायचाय, ती मसुराची उसळ करणार आहे. मी म्हटलं गोडा मसाला आहे ना ग, मसूर पुरेल का? तर म्हणाली आई, त्यांनीच दिलेलं अर्धं पोतं गॅरेजमध्ये आहे.