मॉरोविंड: ६० मॉड टाकले आणि गेम कोलमडला. काय ठेवू, काय काढू?

निशाचर (धागाकर्ता)
मंडळी, सल्ला हवा आहे. मॉरोविंड हा भूमिकेचा (रोल-प्लेइंग) गेम कॉलेजात असताना मित्राच्या घरी अर्धामुर्धा खेळलो होतो. मुख्य कथा तेव्हा राहिली ती राहिलीच. आता सेलमध्ये ट्रिब्युनल आणि ब्लडमून या दोन विस्तारांसकट घेतला आणि या वेळी शेवटापर्यंत जायचंच असं ठरवलंय.

लॅपटॉप आठ वर्षं जुना आहे, आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज १०. एक यादी बघून ६० मॉड (चाहत्यांनी बनवलेल्या जोडफायली) टाकले. आता बालमोरा शहराच्या बाहेर पडलो की गेम बंद पडतो. बोटीने तामरिएल रीबिल्टच्या (नवा प्रदेश जोडणारा मोठा मॉड) मुख्य भूमीवर गेलो तर अर्धी घरं गायब, त्यांच्या जागी मोठमोठी पिवळी उद्गारचिन्हं. नवीन टेक्श्चर (पृष्ठभागांची चित्रं) टाकूनही भिंती जुन्याच दिसतात. आणि तलवार दहातून आठ वेळा लागतच नाही.

बजेट शून्य. नवीन काहीही विकत घेणार नाही. मूळ इंजिनवर (गेम चालवणारा प्रोग्रॅम) राहू की ओपनएमडब्ल्यूवर जाऊ? आणि कोणते मॉड खरंच लागतात?

घाटमाथा
आधी एसएसडी टाक. मी मागच्या दिवाळीत टाकली, लोडिंगचा पडदा दिसेनासा झाला. जमलं तर डेस्कटॉपच घे, जुनं ग्राफिक्स कार्ड मिळून जातं. माझ्याकडे तीनशेच्या वर मॉड आहेत आणि एकदाही अडकत नाही.

निशाचर
बजेट शून्य लिहिलंय दादा.

पावशेर
ओपनएमडब्ल्यू. दुसरा विचार करू नकोस. हे इंजिन लोकांनी नव्याने लिहिलेलं आहे, मुक्त स्रोत आहे, फुकट आहे. फक्त तू विकत घेतलेल्या गेमच्या डेटा फायली त्याला दाखवायच्या. मूळ इंजिनला २५५ प्लगिनची (मॉडच्या मुख्य फायलींची) मर्यादा आहे, इथे नाही. प्रत्येक मॉड आपापल्या फोल्डरमध्ये राहतो, त्यामुळे नको असलेला मॉड काढताना मूळ गेमला धक्का लागत नाही. मूळ इंजिनमध्ये सगळं एकाच डेटा फाइल्समध्ये ओततोस आणि मग कोणाची फाइल कोणावर बसली ते कळत नाही. मी त्यापायी दोनदा सगळं पुसून पहिल्यापासून केलंय.

चावडी
पावशेर, अर्धंच सांगितलंत. एमडब्ल्यूएसईवर (मूळ इंजिनची क्षमता वाढवणारी जोड) चालणारे मॉड ओपनएमडब्ल्यूवर चालत नाहीत, आणि गेल्या काही वर्षांतले कितीतरी सुंदर मॉड त्यावरच बांधलेत. मी मूळ इंजिन, मॉरोविंड कोड पॅच (इंजिनातल्या चुका दुरुस्त करणारा) आणि एमजीई एक्सई (गेमचं चित्रण सुधारणारं साधन) वापरतो. दूरवरचा प्रदेश दिसायला लागला की गेमचं रूपच पालटतं. एमजीईमध्ये तो आधी तयार करून घ्यावा लागतो, आणि जमीन बदलणारा मॉड घातला-काढला की पुन्हा करावा लागतो, एवढं लक्षात ठेवा. आठ वर्षांच्या लॅपटॉपवर अंतर कमी ठेवा.

पावशेर
दूरचा प्रदेश ओपनएमडब्ल्यूतही दिसतो. सेटिंगमध्ये एक खूण करायची. वेगळं काही तयार करावं लागत नाही.

खारीक
स्कायरिम खेळ भावा, याच मालिकेतला नंतरचा गेम. तलवार मारली की लागते. २००२ चा गेम आता कशाला उकरून काढायचा?

माजघर
खारीक, त्याने विचारलंय ते मॉरोविंडबद्दल.

निशाचर, तलवारीचा प्रश्न मॉडने सोडवू नका. नेम लागतो की नाही हे आकड्यांवर ठरतं: शस्त्राचं कौशल्य, त्यात अ‍ॅजिलिटीचा (चपळाईचा) पाचवा भाग, लकचा (नशिबाचा) दहावा भाग. या बेरजेला थकव्याने गुणतात. थकव्याची हिरवी पट्टी पूर्ण भरलेली असेल तर १.२५ ने, रिकामी असेल तर ०.७५ ने. समजा कौशल्य ५ आहे आणि अ‍ॅजिलिटी, लक दोन्ही ४०. बेरीज १७. पट्टी भरलेली असेल तर साधारण २१ टक्के, रिकामी असेल तर १३ च्या आसपास. त्यातून समोरच्याची चुकवण्याची ताकद वजा होते. तुम्ही धावत धावत शत्रूपर्यंत जाता, धावताना पट्टी रिकामी होते, आणि मग तलवार हवेत फिरते.

मुख्य कौशल्य ३० पासून सुरू होतं, दुय्यम १५ पासून, बाकीची ५ पासून. रेडगार्ड वंश घ्या, लाँग ब्लेड (लांब तलवार) मुख्य ठेवा, स्पेशलायझेशन लढाईचं निवडा. वंशाचे १५ आणि स्पेशलायझेशनचे ५ धरून सुरुवातच ५० ने होते. शत्रू दिसला की चालत जा. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा हातात खंजीर आणि कौशल्य भाल्याचं, सेयडा नीन या सुरुवातीच्या गावाबाहेर एका खेकड्याने मारलं होतं. गेम वाईट आहे म्हणून दोन वर्षं हात लावला नाही, याचं अजून वाईट वाटतं.

चावडी
माजघर यांच्याशी सहमत. भूमिकेच्या खेळात पात्राचं कौशल्य महत्त्वाचं, माउस धरणाऱ्याचं नाही.

खारीक
असहमत. डोळ्यांना तलवार अंगातून जाताना दिसते आणि गेम म्हणतो चुकली. मग निदान चुकवल्याची हालचाल तरी दाखवा ना.

चावडी
हालचालीचं म्हणणं मान्य आहे. पण म्हणून पद्धतच टाकाऊ ठरत नाही.

निशाचर
माजघर, धन्यवाद. मी खरंच सगळीकडे धावत होतो. अजून एक: पहिल्याच पातळीवर झोपलो की काळ्या चिलखतातला मारेकरी येऊन मारून जातो. हे ६० मॉडपैकी कोणाचं काम?

पावशेर
कोणाचंच नाही. ट्रिब्युनल असला की डार्क ब्रदरहूडचे मारेकरी येतात, तुझी पातळी बघत नाहीत. ते उशिरा पाठवणारे छोटे मॉड आहेत, एक टाक.

घाटमाथा
टाकू नकोस! मी दुसऱ्या पातळीवर एकाला मारलं, चिलखत काल्डेरा गावात क्रीपर नावाच्या व्यापाऱ्याला विकलं. तो पूर्ण किंमत देतो. आठवडाभरात श्रीमंत झालो होतो.

माजघर
म्हणूनच टाकायचा. सुरुवातीलाच एवढा पैसा आला की पुढची गरिबी, तिची मजा, दोन्ही जातात.

सांताक्लारा_काकू
सगळं वाचलं नाही, पण ओपनएमडब्ल्यू बघा. माझ्या मॅकवर छान चालतं, मुलाच्या लिनक्सवरही. फुकट आहे.

उंबरठा
उशिरा येतोय. मूळ दुखण्यावर अजून कोणी बोललेलं दिसत नाही.

गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये आहे का? असेल तर आधी तिथून हलवा, सरळ सी ड्राइव्हवर गेम्स नावाचं फोल्डर करून त्यात. विंडोज त्या जागेत लिहू देत नाही आणि फायली गुपचूप दुसरीकडे ठेवतं. मग आपण बदल करतो आणि गेमला ते दिसत नाहीत.

पिवळी उद्गारचिन्हं म्हणजे आकृतीची फाइल सापडली नाही. तामरिएल रीबिल्टला तामरिएल डेटा (त्याच्या आकृत्या-चित्रांचा वेगळा संच) लागतो, आणि त्यासोबत येणाऱ्या बीएसए फायलींची (आकृत्या-चित्रं एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यांची) नावं मॉरोविंड.आयएनआय या सेटिंगच्या फाइलमधल्या आर्काइव्ह्ज विभागात ट्रिब्युनल आणि ब्लडमूनच्या खाली लिहावी लागतात. हे बहुतेकांचं राहतं.

भिंती जुन्याच दिसतात त्याचं कारण तारीख. मूळ इंजिन गेमच्या बीएसएची तारीख आणि सुट्या टेक्श्चरची तारीख ताडून बघतं. आज इन्स्टॉल केलं तर बीएसएची तारीख आजची पडू शकते, टेक्श्चर २०१० चं, म्हणून बीएसए जिंकते. मूळ तीन बीएसएंची तारीख बदलून २००२ ची करा. प्लगिनचा क्रमही तारखेवरच ठरतो, म्हणून झिप उघडताना क्रम विस्कटतो. ओपनएमडब्ल्यूत सुटी फाइल नेहमी वरचढ असते, तिथे ही भानगड नाही.

बालमोराचं बंद पडणं: गेमच्या फोल्डरमधली वॉर्निंग्ज नावाची टेक्स्ट फाइल उघडून वाचा. मग अर्धे मॉड बंद करून नवा खेळ सुरू करा, जुना सेव्ह अजिबात नको. बंद पडला तर दोष चालू अर्ध्यात, नाही पडला तर दुसऱ्यात. पाच-सहा फेऱ्यांत सापडतो. माझा एकदा चाळीस तासांचा सेव्ह गेला, कारण मधेच मॉड काढला होता. सेव्हला काढलेल्या मॉडची आठवण राहते.

घाटमाथा
बीएसएच्या तारखेचं मी वर लिहिणारच होतो. एसएसडीचं मात्र बघ.

निशाचर
उंबरठा, तुम्हाला दंडवत. सहाव्या फेरीत सापडलं. बालमोराभोवती झाडं लावणारे दोन मॉड एकाच वेळी चालू होते. तारीख बदलल्यावर भिंतीही बदलल्या.

आणि मग सगळं काढून टाकलं. ओपनएमडब्ल्यू नाही, एमजीई नाही, तामरिएल रीबिल्टही आत्ता नाही. त्याआधी चावडींच्या सांगण्यावरून दूरचा प्रदेश लावून पाहिला होता. सेयडा नीनबाहेरच्या टेकडीवरून थेट विवेक शहर दिसलं. ज्या बेटावर कॉलेजात दोन-दोन तास वाट चुकत होतो, ते एका नजरेत मावलं. मला ते धुकं परत हवं होतं. म्हणून मूळ इंजिन, कोड पॅच, त्यातही फक्त दोषदुरुस्त्या, खेळ बदलणारे पर्याय बंद. मारेकरीही राहू दे. आला की बघू.

रेडगार्ड घेतला. सिल्ट स्ट्रायडरने (प्रवासी नेणारा महाकाय कीटक) न जाता बालमोरापर्यंत चालत गेलो.

पावशेर
पॅच फॉर प्युरिस्ट्स हा मॉड तरी टाक रे. संवाद, कामगिऱ्या वगैरेंमधल्या चुका तेवढ्या दुरुस्त करतो, खेळ बदलत नाही.

निशाचर
पुढच्या खेळाला नक्की. आत्ता मधेच काही घालत नाही. मुख्य कथेत काययसने हस्फाट नावाच्या एकाकडे पाठवलं, त्याने आर्कंथँडच्या अवशेषांमधून ड्वेमर (लुप्त झालेला वंश) लोकांची कोड्याची पेटी आणायला सांगितली. अवशेषांपाशी पोचलोय, दार उघडत नाही. हे बिघाडामुळे आहे का?

माजघर
बिघाड नाही. जवळच्या नळावर फिरकी आहे, ती फिरवा.

चावडी
पेटी आतल्या सेल्स ऑफ हॉलो हँड या भागात, फडताळावर. फार लहान आहे, सावकाश बघा.

खारीक
मीही तिथेच तासभर अडकलो होतो. फडताळ नीट बघ भावा.