ढगाळ हवेतही ठिबक चालू का?

गंगापूर रोड, नाशिक
परवा दिवसभर आभाळ भरलेले होते, मधूनमधून भुरभुर पाऊसही होता, तरी निफाडकडे जाताना तीन-चार द्राक्षबागांत ठिबक चालू दिसले. ऊन नसताना झाडाची तहान कमी होते, हे शेतकऱ्यांना कळत नाही का? शहरातली पाणीकपात आम्ही सोसायची आणि इथे पाणी वाया जायचे, हे पटत नाही.

निफाड, द्राक्ष बागायतदार
आपले शेवटचे वाक्य जिव्हारी लागले, म्हणून सविस्तर लिहितो. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा पाणीसल्ला बाष्पीभवनावरच आधारलेला असतो आणि एक मिलिमीटर पाणी म्हणजे एकरी सुमारे 4,000 लिटर, हे गणित आम्हाला पाठ आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवेत जास्त पाणी दिले, तर डाउनी या बुरशीजन्य रोगाने आमचीच बाग जाते. आपण पाहिलेले ठिबक कदाचित विद्राव्य खत सोडण्यापुरते चालू असेल. कडाक्याच्या थंडीत तर विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते, म्हणून मण्यांना तडे जाऊ नयेत यासाठी आम्ही पहाटे चार वाजता मुद्दाम पाणी देतो.

दिंडोरी
दादा, मीही बागायतदार आहे, पण आपण ऑटो स्विचबद्दल एक शब्दही लिहिला नाही. स्टार्टर ऑटोवर ठेवला की वीज येताच मोटर सुरू होते, मग बाहेर पाऊस असो वा नसो. गेल्या वर्षी पावसाच्या रात्री माझी मोटर अशीच चालली. सकाळी ओळीतली मूठभर माती दाबली, तर बोटांमधून पाणी निघाले. वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा यांचा मेळ, यायला सहा दिवस लागले आणि पाणी-अन्न शोषणारी पांढरी मुळी काळी पडली. चूक माझीच होती.

निफाड, द्राक्ष बागायतदार
ऑटो आम्ही हौसेने लावत नाही. आठवड्यातले काही दिवस वीज रात्रीच मिळते आणि शेजारी उसात बिबट्या असतो. मागच्या हिवाळ्यात तो माझ्या धाकट्या भावासमोरून दहा फुटांवरून गेला. त्यानंतर आईने भावाला रात्री मळ्यात जाऊ दिलेले नाही. पावसात मोटर बंद करायला कोणी जायचे, ते आपणच सांगा.

येवला
आपण सारे विहिरीच्या आणि विजेच्या गोष्टी करता. आम्ही पालखेड डाव्या कालव्याच्या शेपटाला आहोत. आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीची, तारीख हवामान पाहून ठरत नाही. आदल्या दिवशी पाऊस झाला, तरी आलेले पाणी आम्ही कांद्याला देतोच, कारण पुढचे पाणी आमच्यापर्यंत पोहोचेल याचा भरवसा नसतो. काढणीपूर्वी पाणी तोडले नाही तर उन्हाळी कांदा चाळीत सडतो, हे ठाऊक असूनही दोनदा हात आवरला नाही.

दिंडोरी
कालव्याचे मान्य. रात्रीच्या विजेचेही मान्य करावे लागेल, पण ज्या आठवड्यात वीज दिवसा असते, त्या आठवड्यातही आपल्या भागातले किती जण ऑटो काढतात?

निफाड, द्राक्ष बागायतदार
फार थोडे काढतात. मीही काढत नाही, एवढे कबूल करतो.

गंगापूर रोड, नाशिक
"कळत नाही का" हे शब्द मी मागे घेतो. पाणी वाया जाते, हे मात्र आपणच आता सांगितले आहे, त्यामुळे तो प्रश्न मागे घेत नाही.