असाइनमेंट पाठवली, आता एचआर फोनच उचलेनात

टिळकवाडीचा:
बेळगावला उद्यमबागेतल्या फौंड्र्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळतो. पुण्याच्या एका कंपनीने इंटरव्ह्यूआधी घरी करायला असाइनमेंट दिली. बिलांची एक्सेल वाचायची, कर लावायचा, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये भरायचं, वर एपीआय, टेस्ट, डॉकर. म्हणे चार तासांचं काम. तेवढे तर एक्सेलमधल्या तारखा सरळ करण्यातच गेले. शनिवार-रविवार त्यातच. खानापूरला मावसबहिणीचा साखरपुडा होता, तिकडं तोंडही दाखवलं नाही. आई अजून धड बोलत नाही.

खटकलं ते वेगळंच. फाइलमधले जीएसटी नंबर काही २७ ने, म्हणजे महाराष्ट्राच्या कोडने सुरू होणारे, काही कर्नाटकाच्या २९ ने. आपल्याकडनं कोल्हापूरला, म्हणजे परराज्यात माल गेला की आयजीएसटी, राज्यातच हुबळीला गेला की सीजीएसटी-एसजीएसटी, त्यामुळं हे आकडे रोजचेच. सहज पंधरावं अक्षर तपासलं. ते आधीच्या चौदांवरून हिशोबानं निघतं. सगळे नंबर बरोबर! मनाने रचलेले असे जुळत नाहीत. म्हणजे गिऱ्हाइकाचं काम माझ्याकडनं फुकटात करून घेतलं काय? मेलला उत्तर नाही. कोड माझा की त्यांचा?

निपाणीकर:
नंबर खरे म्हणून काम खरं असं नसतं रे. जीएसटी नंबर पोर्टलवर कुणीही बघू शकतो, डेमोला तिथलेच उचलले असतील. मी स्वतः असाइनमेंट तपासतो. ढिगानं येतात, निम्म्या कुणी उघडतही नाही. तुझा कोड चोरला नसणार, वाचलाच नसणार.

शहापूरची वकील:
कॉपीराइट कायदा, १९५७. प्रोग्राम त्यात साहित्यकृती धरला जातो. तुम्ही त्यांचे नोकर नव्हता, तेव्हा हक्क मुळात तुमचा. तो त्यांना द्यायचा तर सहीनिशी लेखी पाहिजे, कलम १९. पण अर्ज करताना कशाकशावर ‘मान्य’ दाबलंत ते आधी बघा.

बेंगळुरात अडकलेला:
पुढच्या खेपेला काम घेण्याआधीच विचार, हे तपासणार कोण आणि नंतर त्यावर माझ्याशी बोलणार का? ‘बघू’ म्हणाले तर सोड. नाहीतर सांग, तासभर समोर बसून करून दाखवतो. आता एआय कोड लिहून देतंय, तेव्हा नुसता रिपो, म्हणजे कोडचं फोल्डर बघून तसंही काय कळणार? बोलावंच लागतं. आणि मावशीकडं जाऊन ये आधी.

टिळकवाडीचा:
फॉर्म बघितला, हक्काचं काहीच नाही. काल रिपोवरनं त्यांचा अ‍ॅक्सेस काढला. आज सकाळी एचआरचा मेसेज : ‘लिंक उघडत नाही, आज टेक्निकल टीम बघणार होती.’ निपाणीकर, तुमचं खरं निघालं. आता अ‍ॅक्सेस परत देऊ, की समोर बसून दाखवतो म्हणू?